न मागता मिळालेला वारा

आमच्या मायला दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात व उजवा पाय गेला. बोलणे अडखळते, पण समजते सगळे. कनेरगाव नाक्यावर आमचे दोन खोल्यांचे घर आहे, वर पत्रे. पुढच्या खोलीत खिडकीखाली तिचा लोखंडी पलंग. उन्हाळ्यात पत्रा दिवसभर तापतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत खाली आग ओततो. म्हणून तिच्या उशाशी टेबल फॅन लावून आम्ही आतल्या खोलीत झोपायचो. पहाटे उठून पाहावे तर माय अंगाचे मुटकुळे करून, डाव्या हाताने पदर ओढून कुडकुडत पडलेली. बाहेर गारवा पडलेला आणि पंखा आपला फिरतोच आहे.

"हाक का नाही मारली माय?"

"कशाला उठवू लेकरा? दिवसभर राबतो तू."

असे एकदा नव्हे, कितीदा तरी झाले. आम्ही तिच्या डाव्या हाताशी एक घंटी बांधून दिली. ती तिने एकदाही वाजवली नाही. आम्हाला रागच यायचा. एवढी घंटी दिली आहे, वाजवायला काय होते? पण तिने जे आम्हाला कधी सांगितले नाही, ते नातीला सांगितले. लहानपणी तिला घागर घेऊन आडापासून दूर बसावे लागे. कोणी वाढले तर पाणी, नाही वाढले तर ऊन डोक्यावर येईपर्यंत बसून राहायचे. "वाढा हो बाई, वाढा हो बाई म्हणून म्हणून माझी जीभ झिजली. आता पुन्हा मागणं नको वाटतं गं," असे ती म्हणाली.

आमची थोरली मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका करते. तिने हे ऐकले आणि त्याच आठवड्यात वहीत एक आकृती काढली. आजीला मागावे लागू नये, पंख्यानेच ओळखून सुरू व्हावे आणि गार झाले की आपोआप बंद व्हावे, असे तिने ठरवले. तिच्या त्या पंख्याची ही हकीकत आहे. यात आमची एक चूकही आहे. ती लपवली तर लिहिण्याला अर्थ नाही.

आम्ही वायरमनचे काम करतो. घराच्या वायरिंगला हात लावून वीस वर्षे झाली. पण दिव्याखाली अंधार म्हणतात तसे आमच्याच घरात अर्थिंग नव्हते. तीन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही पत्र्याचा जुना कूलर दोन पिनांच्या प्लगवर चालवला. फरशी ओली होती. धाकटीने कूलरला हात लावला आणि ती फेकली गेली. हात चिकटून राहिला नाही म्हणून वाचली. तो दोष दुसऱ्या कोणाचा नव्हता, आमचा होता. दुसऱ्याच दिवशी खड्डा खणून अर्थिंग केले आणि मेन स्विचपाशी ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवला. साधारण तेवढा प्रवाह अंगातून गेला तरी स्नायू आखडतात, श्वास अडतो. म्हणून तेवढी गळती होताच हे यंत्र क्षणात लाईन तोडते. पण ते असले तरी २३० व्होल्टशी खेळ नको.

त्यामुळे मुलीने पंख्याचा विषय काढला तेव्हा आमची पहिली अट हीच होती: मायच्या लोखंडी पलंगाजवळ २३० व्होल्टची तार येता कामा नये. मुलगी म्हणाली, "पप्पा, मी तेच सांगणार होते. १२ व्होल्टचा पंखा घेऊ." संगणकाच्या डब्यात असतो तसा चौकोनी, वितीपेक्षा लहान पंखा तिने आणला. त्यावर लिहिले होते, १२ व्होल्ट, ०.१८ अँपिअर. कोरड्या कातडीतून १२ व्होल्टला धोक्याइतका प्रवाह जात नाही. शिवाय १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद बॅटरी जोडली की लाईट गेली तरी पंखा चालतो. पंखा व त्याचा मेंदू मिळून पाव अँपिअर धरला आणि बॅटरी निम्मीच वापरायची म्हटली, तरी १४ तास निघतात. रात्रीची बेगमी झाली.

आता या मेंदूविषयी. मायक्रोकंट्रोलर म्हणजे बोटाएवढ्या चिपमधला छोटा संगणक. मोठ्या संगणकासारखी अवजड कामे त्याला जमत नाहीत. पण "एवढे तापले तर ही पिन चालू कर" असे सांगून ठेवले की तो रात्रंदिवस तेच पाळतो. मुलीने घेतले ते आर्डुइनो उनो नावाचे कार्ड. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतील इव्रेया या गावी विद्यार्थ्यांसाठी झाला. करणाऱ्यांनी त्याचा आराखडा सर्वांसाठी खुला ठेवला. कोणीही पाहावा, कोणीही बनवावा. म्हणूनच त्याच्या नकला स्वस्तात मिळतात. आम्हाला ते कार्ड एका दिवसाच्या मजुरीत पडले. ज्यांच्या आज्या-पणज्यांना अक्षराला हात लावू दिला नाही, त्यांना ज्ञानाचे कुलूप असे काढून ठेवलेले पाहून काय वाटते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको.

आणि आता आमची चूक. मुलगी कॉलेजला गेली होती. टेबलावर कार्ड, पंखा, बॅटरी सगळे मांडलेले. तिने सांगून ठेवले होते की एक वस्तू अजून यायची आहे, तोवर जोडू नका. आम्ही मनात म्हटले, वीस वर्षे वायरी जोडतो, आम्हाला काय सांगते? पंख्याची लाल वायर बॅटरीच्या धनाला जोडली आणि काळी वायर कार्डाच्या पिनेत खोचली. आमच्या लेखी पिन म्हणजे खटका. पंख्याच्या वाटेत खटका घालायचा, एवढेच तर काम. पंखा जेमतेम हलला, करपल्याचा वास आला आणि कार्डावरचा दिवा विझला तो कायमचा.

संध्याकाळी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "आज अमावस्या होती, नवं काम कशाला काढलं?" मुलीची आईही क्षणभर गप्प झाली. पण मुलगी म्हणाली, "मावशी, अमावस्या पिनेला कळत नाही. कारण असल्याशिवाय काही जळत नाही. कारण शोधू." भगवान बुद्धांनी तरी दुसरे काय सांगितले? हे असेल तर ते होते, हे नसेल तर ते होत नाही. वंदना म्हणताना आपण धम्माला 'एहिपस्सिको' म्हणतो, या आणि स्वतः पाहा. तिने जळलेले कार्ड पुढ्यात ठेवले आणि कागद-पेन्सिल घेऊन बापाला शिकवायला बसली. आमच्यावर रागावली नाही. ते रागावण्यापेक्षा जास्त लागले.

तिने सांगितले ते असे. त्या कार्डाची एक पिन आरामात २० मिलिअँपिअर प्रवाह सोसते. ४० ही तर शेवटची हद्द. आपला पंखा मागतो १८०, आणि सुरू होताना त्याहून जास्त. म्हणजे नऊ माणसांचे ओझे एकाच्या डोक्यावर. वर ती पिन पाच व्होल्टची, तिच्यावर आम्ही बारा व्होल्ट सोडले. "पप्पा, पिन म्हणजे खटका नाही. पिन म्हणजे झेंडी."

झेंडी म्हटल्याबरोबर आमच्या डोक्यात उजेड पडला. आमच्या गावावरून पूर्णा-अकोला रेल्वे जाते. २००८ साली ती मोठ्या रुळांची झाली. स्टेशनवरचा माणूस हिरवी झेंडी दाखवतो आणि एवढी मोठी गाडी निघते. पण झेंडी दाखवणारा काही गाडी ओढत नाही. ओढते ते इंजिन. त्याच्या गळ्यात गाडीचा दोर बांधला तर तो मरेल. आम्ही नेमके तेच केले होते.

मग ओढायचे कोणी? जी वस्तू यायची होती, तिने. तिचे नाव मॉस्फेट. तीन पायांचा काळा तुकडा. एक पाय गेट, दुसरा ड्रेन, तिसरा सोर्स. गेटला पाच व्होल्टची झेंडी दिसली की ड्रेन आणि सोर्स यांच्यामधली वाट उघडते आणि पंख्याचा सगळा प्रवाह तिथून जातो. पिनेवर भार जवळजवळ काहीच पडत नाही. दुकानात मागताना पाच व्होल्टला पूर्ण उघडणारा मॉस्फेट मागायचा, कारण काहींना दहा व्होल्ट लागतात. तिने आय.आर.एल.झेड. ४४ एन आणला होता.

जोडणी अशी. बॅटरीच्या धनापासून फ्यूज, फ्यूजपासून पंख्याची लाल वायर. पंख्याची काळी वायर ड्रेनला. सोर्स बॅटरीच्या ऋणाला. कार्डाची ९ नंबरची पिन २२० ओहमच्या रेझिस्टरमधून गेटला. गेट आणि सोर्स यांच्यामध्ये १० हजार ओहमचा आणखी एक रेझिस्टर. हा दुसरा कशाला, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, कार्ड नुकते सुरू होत असते तेव्हा पिनेने काहीच ठरवलेले नसते. त्या वेळी गेट अधांतरी राहिले तर पंखा मनाला येईल तसा वागेल. हा रेझिस्टर गेटला खाली धरून ठेवतो. हुकूम नाही तोवर बंद. आम्हाला हे फार पटले. यंत्र गोंधळले तर ते बंद राहावे, चालू नव्हे.

कार्डाला पाच व्होल्ट द्यायला तिने गाडीत मोबाइल चार्ज करायचा छोटा चार्जर बॅटरीवर फ्यूजच्या पुढे लावला. आणि कार्डाचा ग्राउंड व बॅटरीचा ऋण हे एका वायरने एकत्र केले. ही वायर विसरू नये. झेंडी किती उंच आहे हे दोघांनी एकाच जमिनीवरून मोजले पाहिजे, नाहीतर गेटला इशारा कळतच नाही.

आणखी एक वस्तू उरली, डायोड. मालगाडी एकदम थांबली की मागचे डबे पुढच्यांवर आदळतात, तो खडखडाट आमच्या घरापर्यंत येतो. मोटरीच्या गुंडाळीतला प्रवाहही असाच एकदम थांबायला तयार नसतो. वाट बंद केली की तो उलट धक्का देतो आणि तो धक्का मॉस्फेटला मारू शकतो. म्हणून पंख्याच्या दोन वायरींमध्ये १ एन ४००७ हा डायोड आडवा लावायचा, म्हणजे धक्का तिथल्या तिथे गोल फिरून शांत होतो. डायोडवर एका टोकाला पांढरी पट्टी असते. ती बाजू धनाकडे, म्हणजे लाल वायरीकडे. ही बाजू चुकली तर मॉस्फेट उघडताक्षणी सरळ शॉर्ट होतो. म्हणूनच फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. १२ व्होल्टची बॅटरी माणसाला झटका देत नाही हे खरे. पण तिच्या दोन टोकांना वायर भिडली तर वायर लालभडक होऊन कापड पेटवू शकते. आम्ही अर्ध्या अँपिअरचा फ्यूज घातला. जोडणीला हात लावायचा तर आधी बॅटरीची वायर काढायची, हा नियम बाप-लेकीने दोघांनी पाळला.

तापमान कळायला एल.एम. ३५ हा सेन्सर. तो दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो. ३० अंशाला ३०० मिलिव्होल्ट. कार्ड ते मोजते. पंखा कितीला चालू आणि कितीला बंद करायचा हे मुलीने पुस्तकातून घेतले नाही. चार रात्री ती आजीजवळ झोपली, थर्मामीटर पाहत राहिली आणि विचारत राहिली, आता कसं वाटतं आजी? त्यावरून ठरले, ३१ ला चालू, २९ ला बंद. दोन्ही आकडे एकच ठेवले तर पंखा दर मिनिटाला चालू-बंद होत राहतो, म्हणून मध्ये दोन अंशांचे अंतर. सेन्सर पत्र्याला टेकवला नाही, पंख्याच्या वाऱ्यातही ठेवला नाही. उशीच्या उंचीवर, भिंतीपासून थोडा सुटा ठेवला.

मग आमचे वीस वर्षांचे काम उपयोगी आले. डागलेला प्रत्येक सांधा स्लीव्हने झाकला. सगळे सामान हवेची भोके असलेल्या प्लास्टिकच्या पेटीत स्क्रूने घट्ट बसवले. वायर ओढली गेली तरी सांध्यावर ताण येऊ नये म्हणून पेटीच्या आत गाठ मारली. पंख्याला पुढून-मागून जाळी लावली, कारण मायच्या उजव्या हाताला स्पर्श कळत नाही; बोट आत गेले तर तिला समजणारही नाही. बॅटरी पलंगापासून दूर, चार्जिंग तिच्याच चार्जरने, तेही दिवसा माणूस घरात असताना. आणि पेटीवर एक साधा खटका दिला, पंखा हाताने चालू-बंद करायला. यंत्र बिघडले तर माणसाच्या हातात उपाय असला पाहिजे. तीन रात्री पंखा आमच्या उशाशी चालवून पाहिला, मगच मायजवळ नेला.

आमच्या पुतण्याने हे पाहिले आणि म्हणाला, "काका, बाजारात रिले मिळतो, कूलरच जोडून टाकू." आम्ही त्याला कूलरची गोष्ट सांगितली. रिलेने २३० व्होल्ट चालू-बंद होतात हे खरे. पण ते उघड्या कार्डावर, टेबलावर, पोरांनी करायचे काम नाही. त्याला बंद पेटी हवी, योग्य फ्यूज हवा, अर्थिंग हवे, आर.सी.सी.बी. हवा आणि परवानाधारक वायरमनचा हात हवा. शिकायची सुरुवात १२ व्होल्टवर करावी. तिथली चूक कार्ड जाळते, माणूस नाही.

आपल्या घरांतून बाबासाहेबांचा फोटो असतो, निळ्या कोटातला, हातात संविधान. पण जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि देशाच्या विजेचा विषयही त्यांच्याच खात्याकडे होता, हे कितीजणांना ठाऊक असते? ऑक्टोबर १९४३ मध्ये वीजविकासाच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी मांडले की देशाची गरिबी हटवायची तर उद्योग वाढले पाहिजेत आणि त्यासाठी वीज मुबलक व स्वस्त मिळाली पाहिजे. कामगारांच्या तांत्रिक प्रशिक्षणाचे कामही त्याच खात्यात चाले. त्या काळी आमचे गाव निजामाच्या राज्याच्या टोकावर होते, पलीकडे वऱ्हाड. आजही मराठवाडा इथे संपतो आणि विदर्भ सुरू होतो. अशा कडेच्या गावातल्या पत्र्याच्या घरात एक मुलगी विजेला आपल्या आजीच्या कामाला लावते, तेव्हा त्या फोटोकडे पाहण्याची आमची नजर बदलते. नुसता हार घालून भागत नाही असे वाटते.

मार्च महिन्यातल्या एका सकाळी पंखा पहिल्यांदा मायजवळ ठेवला. हवा गार होती, पंखा बंद. मुलीने सेन्सर, पाय स्लीव्हने झाकलेला, आजीच्या डाव्या मुठीत दिला. मुठीच्या उबेने तो तापला आणि पंखा फिरू लागला. मूठ उघडली, थोड्या वेळाने पंखा थांबला. मायने पुन्हा मूठ मिटली. पुन्हा फिरला. लहान मुलासारखे तिने चार वेळा केले.

"म्हंजी याला सांगावं लागत नाही?"

"नाही आजी."

"मागावंबी लागत नाही?"

"नाही."

माय बराच वेळ काही बोलली नाही. मग भिंतीवरच्या फोटोकडे पाहून तिने डावा हात कपाळाला लावला.

तो उन्हाळा निभावला. पहाटे उठून पाहावे तर पंखा थांबलेला आणि माय शांत झोपलेली. घंटी अजून पलंगाला बांधलेली आहे. मुलीने ती काढू दिली नाही. ती म्हणाली, "यंत्राला फक्त ऊन-गार कळतं. आजीला तहान लागली, काही दुखलं, तर त्याला कळणार नाही. ते आपणच ओळखायचं." म्हणून आता रात्री दोनच्या सुमारास आमच्यापैकी कोणीतरी एकजण उठतो, पाण्याचा पेला मायच्या ओठाशी धरतो. तिला मागावे लागत नाही.

ते जळालेले कार्ड आम्ही टाकले नाही. खिळ्याला टांगून ठेवले आहे, आमच्या हत्यारांच्या पिशवीशेजारी. मुलगी शिकवते तेव्हा बापाने ऐकावे, एवढे ते रोज सांगते. आपल्या घरातली मुलगी-मुलगा असे काही खटपट करू लागले तर त्यांना हसू नका, "हे आपलं काम नाही" म्हणू नका. शेजारी बसा, बॅटरीची वायर काढली आहे का ते पाहा आणि विचारा, हे असे का?

जयभीम.